फ्रिझ आणि उडणारे केस: घराबाहेर असताना काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निघताना नीट बसवलेले केस तासाभरात का पिंजारतात?

केस हवेतलं पाणी ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी तो सामावू शकतो. केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. ड्रायरने किंवा गरम मशीनने केस सरळ करताना आपण हे बंध हव्या त्या आकारात जुळवून घेतो. बाहेर दमट हवा लागली की ते सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. प्रत्येक केसाचं मूळ वळण थोडं निराळं असतं, त्यामुळे शेजारचे केस एका दिशेने वळत नाहीत आणि बट फुलते. फ्रिझ म्हणतात ते हेच.

दमटपणाने केस लांबही होतो. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला तर त्याची लांबी सुमारे २ ते २.५ टक्के वाढते. हा बदल इतका भरवशाचा आहे की जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसाचाच आर्द्रतामापक मांडला. तेव्हा पावसाळी हवेत केस ऐकत नाहीत यात तुमच्या हाताचा दोष नाही.

केसाच्या बाहेर क्युटिकल नावाचा खवल्यांचा थर असतो आणि त्यावर स्निग्ध आम्लाचं एक अतिशय पातळ आवरण असतं. ब्लीच, रंग आणि जास्त उष्णता यांनी हे आवरण जातं. मग पाणी आत शिरायला अडसर राहत नाही. रंगवलेले केस जास्त फुलतात ते म्हणून.

फ्रिझ आणि फ्लायअवे एकच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. फ्रिझ केसांच्या लांबीत असतो, सगळी बट फुललेली दिसते. फ्लायअवे म्हणजे भांगापाशी, कपाळाच्या कडेला किंवा अंबाड्यावर एकेकटे उभे राहणारे केस. त्यांची कारणं तीन: स्थिर वीज, नव्याने उगवलेले आखूड केस आणि मध्येच तुटलेले केस. एकासाठीचं उत्पादन दुसऱ्याला लावलं तर कधी कधी उलटच होतं. उदाहरणार्थ, तुटलेल्या केसांवर रोज कडक जेल थापून वर ब्रश ओढलात तर तुटणारे केस वाढतील.

ओळखायचं असं. हवा कोरडी आहे, कंगवा फिरवला की केस कंगव्यामागे धावतात आणि चेहऱ्याला चिकटतात, तर ती स्थिर वीज. हवा दमट आहे आणि केस जाड, मोठे वाटतायत, तर फ्रिझ. हवा कशीही असो, रोज त्याच जागी आखूड केस उभे राहत असतील तर असा एक केस डोक्यावरच धरा, मागे गडद कागद ठेवा आणि टोक नीट पाहा. नव्या केसाचं टोक निमुळतं होत जातं. तुटलेल्याचं टोक बोथट किंवा कुंचल्यासारखं फुटलेलं असतं, कधी मधेच पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे केस पुढे तुटणार ती जागा.

पर्समध्ये एकच वस्तू ठेवायची तर कोणती?

केस पातळ आणि सरळ असतील, त्रास फक्त भांगापाशी असेल, तर मस्कारासारखा ब्रश असलेली छोटी ट्यूब. केस ओढून पोनी किंवा अंबाडा घालत असाल तर वॅक्स स्टिक. केस जाड, कुरळे, लांबीत फुलणारे असतील तर लीव्ह-इन, म्हणजे लावून न धुता तसंच ठेवायच्या क्रीमची लहान ट्यूब. रंगवलेल्या, राठ टोकांसाठी सीरम.

आणि खरं सांगायचं तर चौघांनाही उपयोगी पडते ती साधी गोष्ट: एक मऊ रबर आणि दोन चाप. हवा अगदीच विरोधात असेल त्या दिवशी वेणी घालणं हा कुठल्याही सीरमपेक्षा चांगला उपाय आहे. दुकानात हे कोणी सांगत नाही, एवढंच.

वॅक्स स्टिक लावली की केस तेलकट दिसतात. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा दोन ठिकाणी: स्टिक थेट टाळूवर घासली जाते आणि जास्त वेळा फिरवली जाते. या कांडीत मेण आणि एरंडेलासारखं घट्ट तेल असतं. पातळ केसांना त्याचा किंचितसा थरही जड होतो.

आधी केस बांधून घ्या, स्टिक त्यानंतर. उलट क्रमाने केलंत तर बांधताना बोटांना लागून निम्मं मेण निघून जातं आणि उरलेलं नको तिथे पसरतं. मग स्टिक केसांवर न दाबता, केस ज्या दिशेने ओढले आहेत त्याच दिशेने एकदा फिरवा. कपाळाच्या कडेपासून बोटभर आत सुरू करा, कारण कडेचे केस सर्वांत बारीक असतात आणि त्यांना शेवटी बोटाला उरलेलं पुरतं. वरून बारीक दातांचा कंगवा किंवा स्वच्छ जुना टूथब्रश हलक्या हाताने न्या. थांबा, आरशात बाजूने पाहा. अजूनही उभे असतील तेवढ्याच केसांवर दुसरा हात.

गारठ्यात कांडी कडक होते आणि केस ओढते. अशा वेळी बोटाचं टोक कांडीवर काही सेकंद घासून मेण मऊ करायचं आणि बोटानेच लावायचं. उन्हात गाडीत राहिलेली कांडी वितळून झाकणात बसते, तेव्हा ती बॅगच्या आतल्या कप्प्यात ठेवलेली बरी.

मस्कारासारख्या ब्रशच्या ट्यूबमध्ये वेगळं काय असतं?

बहुधा पाण्यावर आधारित हलकं जेल आणि वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारं पॉलिमर. ते मेणापेक्षा हलकं असतं, म्हणून पातळ केसांना सोसतं. ब्रश बाहेर काढताना ट्यूबच्या तोंडाला पुसून घ्या. ब्रशवर गोळा दिसत असेल तर तो केसावरही पांढरा दिसणार. एकदा फिरवून अर्धा मिनिट हात लावू नका. ओलं असताना पुन्हा पुन्हा फिरवलं की पापुद्रा तुटतो आणि कोंड्यासारखे कण दिसायला लागतात. अर्ध्याहून जास्त तक्रारी या घाईच्याच असतात, असं माझं मत.

सीरम किती घ्यायचं?

खांद्यापर्यंतच्या केसांना एक-दोन थेंब. दोन्ही तळहातांवर चोळायचं, इतकं की तळहात फक्त चकाकतील, ओले दिसणार नाहीत. पहिला हात टोकांना, मग मधल्या लांबीला. मुळांना नाही. भांगावर फार तर शेवटी कोरडे वाटणारे तळहात वरच्या वर फिरवा. कमी पडलं तर आणखी एक थेंब घेता येतो. जास्त झालं तर केस धुतल्याशिवाय सुटका नाही.

सिलिकॉनने केस खराब होतात का?

नाही. सीरममधलं सिलिकॉन केसावर गुळगुळीत थर देतं, घर्षण कमी करतं, पाण्याची ये-जा हळू करतं. फ्रिझवर ते चालतं ते यामुळेच. तक्रारीचं मूळ साठण्यात आहे. डायमेथिकोनसारखं पाण्यात न विरघळणारं सिलिकॉन रोज लावलं आणि फार सौम्य शाम्पू वापरला तर थरावर थर चढतो आणि केस निर्जीव, जड वाटतात. अधूनमधून खोल स्वच्छ करणारा शाम्पू वापरला की प्रश्न मिटतो.

सायक्लोपेंटासिलोक्सेन हे उडून जाणारं सिलिकॉन आहे. सीरम लावल्यावर हात पटकन कोरडे वाटतात ते त्याच्यामुळे. त्याबद्दलचा आक्षेप पर्यावरणाचा आहे. युरोपीय संघात २०२० पासून धुऊन टाकायच्या सौंदर्य उत्पादनांत त्याचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवावं लागतं. तुम्हाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटत असेल तर सिलिकॉनविरहित सीरम जरूर घ्या, पण ते केसांना सिलिकॉनपेक्षा आपोआप जास्त मानवतं असा काही नियम नाही.

ग्लिसरीन असलेला स्प्रे कधी छान चालतो, कधी केस आणखी फुगतात. असं का?

ग्लिसरीन पाणी ओढतं. हवा मध्यम असेल तर केसात हवा तेवढा ओलावा टिकतो. हवा फार दमट असेल तर तेच ग्लिसरीन बाहेरचं पाणी केसात आणतं आणि फ्रिझ वाढतो. फार कोरड्या हवेतही त्याचा फायदा होईलच असं नाही, कारण ओढून घ्यायला बाहेर पाणीच नसतं. मध, कोरफड, प्रोपिलीन ग्लायकोल ही त्याच जातीची. घटकांच्या यादीत यातलं काही पहिल्या चार-पाचांत असेल तर ती बाटली पावसाळी दिवसांत घरी ठेवा आणि सिलिकॉन किंवा तेल वर असलेलं उत्पादन सोबत न्या.

कंगवा फिरवला की केस अंगावर धावून येतात. काय करू?

ही स्थिर वीज. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासला की केसातले इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. सगळ्या केसांवर धन भार राहतो आणि समान भार एकमेकांना ढकलतात, म्हणून प्रत्येक केस शेजाऱ्यापासून लांब पळतो. दमट हवेत हा भार झिरपून जातो, कोरड्या किंवा वातानुकूलित खोलीत अडकून राहतो.

इथे घट्ट बसवणारं उत्पादन नको, ओलावा आणि निसरडेपणा हवा. लाकडी किंवा धातूचा कंगवा घ्या. धातूतून भार हातावाटे निघून जातो. लोकरीची टोपी आणि कृत्रिम धाग्याचा स्कार्फ घासतात, त्यांच्या आत सॅटिनचं अस्तर असेल तर फरक पडतो. पण खरा उपाय केस धुतानाच असतो. कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड अशा घटकांवर धन भार असतो. केसाच्या पृष्ठभागावर सहसा किंचित ऋण भार असतो आणि खराब झालेल्या जागी तो जास्त असतो, म्हणून हे घटक नेमके गरज असेल तिथे चिकटतात. बाहेर असताना याच घटकांचा लीव्ह-इन स्प्रे कंगव्यावर मारा आणि मग विंचरा.

कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कागद डोक्यावर फिरवण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. चालते, कारण त्यावरही असेच भारित घटक असतात. पण तो कागद त्वचेसाठी बनवलेला नाही, सुवास तीव्र असतो आणि संवेदनशील टाळूला खाज सुटू शकते. मी सुचवणार नाही.

हेअरस्प्रे थेट डोक्यावर मारावा का?

उभ्या केसांसाठी तरी नको. स्प्रेचा जोर त्याच केसांना आणखी उठवतो आणि आजूबाजूचे नीट बसलेले केस कडक होतात. ब्रशवर किंवा टूथब्रशवर मारा आणि तो ब्रश केसांवरून न्या. डब्यात बहुधा ब्यूटेन, प्रोपेन असे ज्वालाग्राही वायू असतात. आगीजवळ, पेटत्या सिगारेटजवळ, बंद गाडीत वापरू नका आणि स्प्रे ओला असताना गरम मशीन लावू नका.

कुरळे केस बाहेर असताना विंचरून बसवावेत?

कोरडे असताना अजिबात नाही. कुरळ्या बटा म्हणजे एकमेकींत बसलेल्या केसांचे गुच्छ. कंगवा ते गुच्छ सोडवतो आणि हाती फुललेला पिंजारा येतो. तळहात ओलसर करा, त्यावर थोडं लीव्ह-इन क्रीम चोळा, बट खालून वर मुठीत हलकेच दाबा आणि सोडा. बिघडलेल्या दोन-चार बटा बोटाभोवती गुंडाळून थोडा वेळ धरल्या तरी पुरतं. वरवरची घडी बसली की थांबा. आतल्या केसांना हात लावाल तर सगळंच पुन्हा करावं लागेल.

जवळ काहीच नसेल तर?

हात धुताना ओले झालेले तळहात झटका आणि उरलेल्या ओलसरपणाने भांग दाबून बसवा. स्थिर वीज असेल तर लगेच फरक दिसतो. फ्रिझ असेल तर नुसतं पाणी लावून केस मोकळे सोडू नका. ते वाळताना परत फुलतात. पाणी लावायचं तर वेणी किंवा अंबाडा घाला आणि वाळेपर्यंत तसेच ठेवा.

हँडक्रीम हाताला चोळून झाल्यावर जे उरतं ते टोकांवरून फिरवायला हरकत नाही. लिप बाम एखाद्या हट्टी केसाला चालतो. पेट्रोलियम जेली शक्यतो नको, ती धुताना सहज निघत नाही. सॅनिटायझर मुळीच नको, त्यातलं अल्कोहोल केस आणखी कोरडे करतं.

घटकांच्या यादीत "अल्कोहोल" दिसलं की ती वस्तू टाळायची का?

कोणतं अल्कोहोल ते पाहा. सेटिल, सेटेअरिल, स्टेअरिल ही स्निग्ध अल्कोहोलं आहेत, ती केस मऊ करतात. डिनेचर्ड अल्कोहोल लवकर उडतं आणि वारंवार वापरलं तर कोरडेपणा आणतं. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, १ टक्क्याखालचे घटक मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात मिरवणारं एखादं दुर्मीळ तेल यादीत सुवासाच्याही खाली असेल, तर ते नावापुरतं आहे असं समजा.

बाळंतपणानंतर कपाळाच्या कडेला बारीक केस उभे राहतात. त्यांना काय लावू?

प्रसूतीनंतर साधारण तीन महिन्यांनी बऱ्याच जणींचे केस जास्त गळतात. हे गळणं तात्पुरतं असतं आणि मग एकाच वेळी उगवलेले आखूड केस कडेला झालरीसारखे दिसतात. ते आजारी केस नाहीत, नवे आहेत. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कानामागे जाण्याइतके लांब व्हायला बराच काळ लागणार. तोवर ब्रशची ट्यूब, तीही हलक्या हाताने. त्यांना दाबण्यासाठी रोज घट्ट पोनी ओढू नका. सततच्या ताणाने त्याच कडेचे केस विरळ होतात आणि फार काळ चाललं तर ते परत येत नाहीत. गळती कमी होण्याऐवजी वाढतच राहिली किंवा टाळूवर मोकळे चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

उभे राहणारे केस उपटले किंवा कापले तर?

नको. उपटलेला केस पुन्हा आखूडच उगवून येणार, म्हणजे तोच त्रास. कापलेला केस आणखी ताठ उभा राहतो. दुभंगलेली टोकं कापणं ही वेगळी गोष्ट, ती जरूर कापा.

स्टिक वापरायला लागल्यापासून कपाळावर पुरळ येतं. संबंध असेल का?

असू शकतो. मेण आणि जड तेल कपाळाच्या कडेची रंध्रं बुजवतं. काही आठवडे बंद करून पाहा, पुरळ कमी झालं तर उत्तर मिळालं. पुन्हा वापरायचं असेल तर कडेपासून अंतर ठेवा आणि रात्री तोंड धुताना केसांची कडही धुवा.

बॅटरीवर चालणारं छोटं स्ट्रेटनर सोबत ठेवावं का?

पुढच्या एक-दोन बटांसाठी ठीक. केस पूर्ण कोरडे असावेत. ओल्या केसावर गरम पट्ट्या दाबल्या की आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. आज बसवलेला केस उद्याचा फ्लायअवे होतो. तापमान शक्य तितकं कमी ठेवा आणि उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे आधी लावून वाळू द्या.

एकदाच केराटिन ट्रीटमेंट करून टाकली तर रोजची कटकट संपेल ना?

काही महिने कमी होते, हे खरं. पण या ट्रीटमेंटमध्ये केसांना द्रव लावून गरम मशीनने ते सरळ करतात, आणि अशा काही द्रवांतून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं, आणि ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. लेबलवर त्याचं नाव मिथिलीन ग्लायकोल असंही असतं. "फॉर्माल्डिहाइडमुक्त" म्हणून येणाऱ्या काही द्रवांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं आणि त्याच्या वापरानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. करायचीच असेल तर बाटलीवरची यादी आधी मागून वाचा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या.

विमानप्रवासात काय चालतं?

हातातल्या बॅगेत द्रव, जेल, क्रीम, स्प्रे यांच्या बाटल्या बहुतेक विमानतळांवर १०० मिलीलीटरपर्यंतच्या लागतात. हा नियम २००६ पासूनचा. नवी स्कॅनर यंत्रं आलेल्या काही ठिकाणी तो सैल झाला आहे, पण परतीचा विमानतळ वेगळा असू शकतो, तेव्हा लहान बाटलीच न्या. घट्ट कांडी सहसा द्रवात मोजत नाहीत, मऊ पोमेड (केस बसवायचं मलम) मोजतात. बॅटरीच्या किंवा गॅसच्या स्ट्रेटनरचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते विमान कंपनीकडून आधी विचारून घ्या.

मेण धुताना निघत नाही. उपाय?

पाणी लावण्याआधी कोरड्या केसांवर, जिथे मेण आहे तिथे, थोडं कंडिशनर किंवा तेल चोळा आणि काही मिनिटं थांबा. मेण त्यात सैल होतं. मग शाम्पू, गरज पडली तर दोनदा. उलट, आधी पाणी आणि मग शाम्पू केलात तर तो मेणावरून नुसता घसरतो.

मैत्रिणीची ट्यूब वापरली तर चालेल का? आणि उघडलेली किती दिवस टिकते?

तिचं सीरम तिने तुमच्या हातावर थेंबभर दिलं तर चालेल. ब्रशची ट्यूब आणि कांडी नको, ती दुसऱ्याच्या टाळूला लागून परत आत जाते. टिकण्याचं म्हणाल तर मागच्या बाजूला उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यावरचा आकडा म्हणजे उघडल्यापासूनचे महिने. आकडा १२ असला तरी वास बदलला, पाणी वेगळं झालं किंवा ब्रशवर तारा सुटायला लागल्या, तर वाट न पाहता टाकून द्या. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीच्या तळाशी लिहून ठेवा.